महाकाय रोबोटांचा टेबलटॉप आरपीजी: आमच्या रविवारच्या टोळीसाठी कोणता घ्यावा?

वाळूजचा_टर्नर | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

मी धरून आम्ही पाच जण. दोन वर्षं झाली, दर रविवारी संभाजीनगरात एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतोय. ड्रॅगन मारून झाले, तळघरं पालथी घालून झाली. आता सगळ्यांना यंत्र हवंय. तीन मजली उंच, पोटात माणूस बसलेला, पाऊल टाकलं की शेडचे पत्रे थरथरतील असं. अशा महाकाय रोबोटांना मेक म्हणतात. टेबलाशी बसून खेळायचे असे मेकचे आरपीजी, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचे खेळ, बरेच आहेत म्हणतात, पण निवड काही होईना.

आमची परिस्थिती आधी सांगतो. जीएम, म्हणजे डाव चालवणारा, मीच. वेळ दुपारी तीन ते सहा, चहा त्यातच. मी वाळूजला सीएनसी मशीनवर आहे, शिफ्ट बदलली की आठवडाभर तयारीला वेळ मिळत नाही. एक जण बँकेत, एक डी. फार्मला. एक गेवराईजवळच्या गावातून मोबाइलवर जोडला जातो आणि त्याचं नेट कधी जाईल सांगता येत नाही. पाचवी माझी भाची, नववीत आहे. तिला इंग्रजी वाचता येतं, पण फासा हातात घेतला की ती मराठीतच बोलते, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच आमचा डाव रंगतो.

बजेट सगळ्यांचं मिळून दोन-अडीच हजार. मागे बाहेरून एक बॉक्स मागवला होता, तो कस्टमला अडकला आणि सोडवताना बॉक्सच्या निम्म्या किमतीइतकी ड्यूटी भरावी लागली. त्यामुळे आता पीडीएफच.

लान्सर, बॅटलटेक, सॅल्व्हेज युनियन आणि फेट एवढी नावं डोक्यात आहेत. ज्यांनी खेळलंय त्यांनी सांगा.

षटकोनी_नांदेड | रविवार, रात्री ११:०५

बॅटलटेक. दुसरा विचारच नको.

१९८४ साली हा खेळ बॅटलड्रॉइड्स नावाने आला, पुढच्या वर्षी नाव बदललं. चाळीस वर्षं लोक खेळतायत ते उगीच नाही. वीस टनांच्या लोकस्टपासून शंभर टनी अॅटलसपर्यंत प्रत्येक मेकचं स्वतःचं चिलखत, स्वतःच्या तोफा, स्वतःची खोड. षटकोनी घरांच्या नकाशावर एक घर म्हणजे तीस मीटर, एक फेरी म्हणजे दहा सेकंद.

मारा कसा होतो ते बघा. तुमची गनरी, म्हणजे नेमबाजीचा आकडा, ४. तुम्ही पळत गोळी झाडली, २ वाढले. अंतर मध्यम, आणखी २. समोरचा पाच-सहा घरं सरकलाय, आणखी २. झाले १०. दोन फाशांवर दहा किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ३६ पैकी ६ शक्यता. हेच तुम्ही चालत, जवळून झाडलं असतं तर ७ लागले असते आणि शक्यता ३६ पैकी २१. कुठे उभं राहायचं याचा हिशेब इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिला नाही.

आणि हीट! सगळ्या तोफा एकदम झाडल्या की मेक तापतो. हीट सिंक एका फेरीत जेवढी उष्णता बाहेर टाकेल तेवढीच. बाकीची साचते, मग मेक मंदावतो, नेम चुकतो, शेवटी बंद पडतो. नांदेडच्या मे महिन्यात पंखा बंद करून एकदा खेळून बघा.

मांजराकाठ | रविवार, रात्री ११:३०

षटकोनीदादा, खेळ उत्तम आहे, वादच नाही. पण धागाकर्त्याने आरपीजी विचारलाय आणि तुम्ही सांगितलं ते युद्ध. भाचीला पायलट व्हायचंय, तिला गणिताचा आणखी एक तास कशाला?

बॅटलटेकच्या विश्वात आरपीजीही आहेत, ते सांगायला हवं. मेकवॉरियर १९८६ मध्ये आला, पुढे अ टाइम ऑफ वॉर, आणि २०२० मध्ये मेकवॉरियर: डेस्टिनी. त्यातल्या त्यात डेस्टिनी हलका. टर्नरभाऊंना त्या विश्वाची ओढ असेल तर तो बघावा. तीन तासांत चहा धरून बॅटलटेकची मोठी लढाई उरकणार नाही.

षटकोनी_नांदेड | रविवार, रात्री ११:३८

दोन विरुद्ध दोन मेक ठेवा, उरकते. आम्ही उरकतो. पण डेस्टिनीबद्दल अनुमोदन.

दगडी_बुरूज | सोमवार, सकाळी ७:५०

मीही संभाजीनगरचाच, आणि आमच्या टेबलावर लान्सर चालतो, त्यामुळे त्याची बाजू मांडणं माझं कर्तव्य.

मॅसिफ प्रेसचा खेळ, २०१९. खेळाडूंना लागणारे सगळे नियम मोफत पीडीएफमध्ये मिळतात. विकत घ्यायचं ते एक पुस्तक, तेही फक्त जीएमने, कारण शत्रू त्यात आहेत. म्हणजे बजेटचा प्रश्न मिटला. कॅरेक्टर शीटसाठी, म्हणजे पात्राची आणि मेकची माहिती लिहायला, कॉम्प-कॉन नावाचं साधन ब्राउझरमध्ये फुकट चालतं. मेक जोडा, तोफ बदला, बेरीज तेच करतं.

सगळे एव्हरेस्ट नावाच्या साध्या मेकवर सुरुवात करतात, लेव्हल शून्य. पुढे बारापर्यंत दर पायरीला एखाद्या कंपनीचं लायसन्स घ्यायचं. एका कंपनीतून पाय, दुसरीकडून तोफ, तिसरीकडून संगणक, अशी जोडणी करता येते. डन्जन्स अँड ड्रॅगन्सवरून आलेल्या माणसाला वीसचा फासा ओळखीचाच. फायदा असेल तर सहाचा फासा बरोबर टाकायचा आणि जोडायचा, अडचण असेल तर वजा करायचा. असे कितीही असले तरी त्यातला सर्वात मोठा एकच धरायचा.

फेरीत आधी आपल्यातला एक, मग शत्रूचा एक, असं आलटून पालटून. कोण जाणार ते खेळाडूच ठरवतात. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त बोलणं याच क्षणी होतं. 'तू थांब, आधी मला त्याचं लक्ष वेधू दे.' पाच माणसं एका दिलाने विचार करायला लागतात.

मांजराकाठ | सोमवार, सकाळी ९:१५

लान्सर मीही खेळले आहे, सात-आठ महिने. लढाई अप्रतिम. पण मेकमधून खाली उतरलं की नियम विरळ होतात, आणि मेक नष्ट झाला तर पुढच्या मोठ्या विसाव्यात नवा छापून घेता येतो. मला तिथेच खटकायचं. माझं यंत्र गेलं तर मला चार दिवस जेवण गेलं नाही पाहिजे, असं मला वाटतं.

शिवाय नकाशावर प्रत्येक घर मोजायचं असतं. गेवराईच्या मित्राला नकाशा दिसलाच नाही तर तो नुसता ऐकत बसेल.

दगडी_बुरूज | सोमवार, सकाळी ९:४०

दुसरा मुद्दा मान्य. पहिला मान्य नाही. मेक परत मिळतो म्हणून तर खेळाडू जीव तोडून लढतात.

पिंपळपार | सोमवार, दुपारी १:२०

माझं वय ५४, फासे कधी टाकले नाहीत, पण धागा सोडवेना. लहानपणी गावात एकच टीव्ही होता, त्यावर घड्याळात बोलून रोबोटाला हाक मारणारा पोरगा दिसायचा. आम्ही सगळे मनगटाला सुतळी बांधून हाका मारत फिरायचो. वाचतोय, लिहीत राहा.

बालाघाटी | सोमवार, रात्री ९:३०

टर्नरभौ, मी बीड जिल्ह्यातला. खेळ दोनच खेळलोय, म्हणून मशिनीबद्दल बोलतो.

माझा चुलतभाऊ ऊसतोडणीचं हार्वेस्टर चालवतो. सीझनला मी पंधरा दिवस त्याच्यासंगं केबिनमध्ये बसलो होतो. रात्रीचे दोन वाजलेले, पुढं दोन लाईटच्या उजेडात ऊस नुसता भिंतीवानी. केबिनचा एसी मेलेला. तो कधीच मीटरकडं बघत नव्हता. एकदम म्हणला, 'आवाज बदलला', आणि मशीन उभी केली. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. खाली उतरून बघितलं तर पात्याच्या ड्रमात तार गुंतलेली. तारेचा तेवढा तुकडा आणखी पाच मिनिटं फिरला असता तर त्या रात्रीची तोडणी बसली असती, आणि ट्रॅक्टरवाले, मुकादम, कारखान्याचा काटा, सगळे त्याच्या नावानं बोंबलले असते.

मला मेकचा खेळ असा पाहिजे. मशीन आपली, तिचा आवाज आपल्याला कळतो, आणि ती बसली की मागची सगळी माणसं बसतात. म्हणून माझं मत सॅल्व्हेज युनियन. त्यात तुम्ही कुण्या फौजेचे नसता. उजाड मुलखात भंगार गोळा करून जगणारी टोळी असता. क्रॉलर नावाचं चाकावरचं गाव तुमच्यासंगं फिरत असतं. त्याच्या देखभालीला दर खेपेला भंगार द्यावं लागतं, नाही दिलं तर ते खिळखिळं व्हायला लागतं. तुम्ही मेक घेऊन बाहेर पडता कारण मागं लेकरंबाळं बसलीत.

भट्टीवाला_जालना | सोमवार, रात्री १०:१०

भंगाराचं नाव काढलंत, आता मला थांबवू नका.

मी जालन्यात स्टीलच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे भंगार वितळवून इंडक्शन फर्नेसमधून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, निघतात, त्याच्या पुढे सळ्या. सॅल्व्हेज युनियन मी आठ सेशन चालवला आहे आणि एकच सांगतो: 'तुम्हाला तीन भंगार मिळालं' असं कधीही बोलू नका. भंगार म्हणजे एक वस्तू नव्हे. दाबलेला पत्रा असतो, लेथचा कीस असतो (टर्नरभाऊ, तुमच्याकडून येतो तो), बीड (ओतीव लोखंड) असतं, जहाजाची जाड प्लेट असते. कीस तेलकट असतो, धूर करतो. पत्रा जागा खातो, वजन देत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बंद तोंडाचा डबा किंवा सिलिंडर. आत पाणी किंवा हवा कोंडलेली असेल आणि तो वितळलेल्या लोखंडात गेला तर स्फोट होतो. म्हणून भट्टीत भंगार टाकण्याआधी माणूस डोळ्यांत तेल घालून बघत असतो.

हे मी टेबलावर आणलं. मोडलेल्या मेकचा ढीग, त्यात एक सीलबंद टाकी. उचलायची की नाही? वीस मिनिटं वाद चालला, एकही गोळी न झाडता.

तूर_परभणी | मंगळवार, सकाळी ८:०५

एक गोष्ट मनातली बोलते, कोणी वाईट वाटून घेऊ नका. उजाड मुलूख, पाणी नाही, गाव सोडून फिरणारी टोळी. हे आपल्याकडे खेळण्यातलं नाही. माझे आजी-आजोबा ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेले होते. रविवारी चहा पीत आपण तेच गमतीने करायचं, हे माझ्या पचनी पडत नाही. त्यापेक्षा अंतराळातलं लान्सर बरं.

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी १२:४५

तूरताई, तुमचं म्हणणं पटतं आणि तरीही मी उलट बोलणार आहे.

मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी बारावी देऊन घरी बसले होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पेपरात सगळं रेल्वेबद्दल होतं. मला आठवतं ते वेगळं आहे. आमच्या गल्लीत रात्री साडेतीनला टँकर आला. पाइप टाकीत सोडणारा मुलगा माझ्याएवढाच असेल, झोपेने डोळे लाल. आईने त्याला चहा दिला तर म्हणाला, 'काकू, चहा नको, पाणीच द्या थोडं.' टँकरवरचा मुलगा पाणी मागत होता!

त्याच्यावर कोणी काही लिहिलं नाही. मला त्या मुलाचा डाव खेळायचाय. टँकर तो चालवतो, रस्ता तो शोधतो, कोणत्या गल्लीत आधी जायचं याचा बोजा त्याच्या डोक्यावर. दुष्काळाची गंमत करायची नाही. त्यातून वाट काढणाऱ्या माणसाच्या जागी दोन तास बसायचं. फक्त टेबलावर आधी विचारून घ्यावं, कोणाला काय नको आहे ते. आम्ही सुरुवातीलाच चिठ्ठ्यांवर लिहून घेतो आणि तो विषय काढतच नाही.

तूर_परभणी | मंगळवार, दुपारी १:३०

चिठ्ठ्यांची पद्धत आवडली. टँकरवरचा मुलगा दिवसभर डोक्यातून जाणार नाही आता. माझा आक्षेप निम्मा मागे.

कोरा_फासा | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

फेटबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. किंमत तुम्ही ठरवाल ती. फासे वेगळे लागतात असं म्हणतात, पण साधा फासा चालतो: १-२ उणे, ३-४ कोरं, ५-६ अधिक, असे चार टाकायचे. त्यात कुठल्याही गोष्टीला माणसासारखी शीट देता येते, म्हणजे मेकला स्वतःचा स्वभाव. 'उजवा गुडघा कुरकुरतो पण कधी दगा देत नाही' असं एक वाक्य मराठीत लिहिलं की तो नियम झाला. नियमांचा परवाना खुला असल्यामुळे मराठी भाषांतर करून वाटलं तरी कायद्याने चालतं. नकाशा नको, गेवराईचं नेट गेलं तरी अडत नाही.

दगडी_बुरूज | मंगळवार, संध्याकाळी ७:००

सगळं खरं, पण फेटमध्ये यंत्राचं वजन जाणवत नाही. बोल्ट, दारूगोळा, किती तापलं, हे मोजल्याशिवाय ते यंत्र वाटत नाही मला.

कोरा_फासा | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

ते मात्र आहे. आमच्या मेकांची शेवटी माणसंच झाली. आम्हाला तेच हवं होतं.

नवखी_उदगीर | मंगळवार, रात्री ८:४५

जीएमशिवाय काही आहे का? आम्ही तीनच मैत्रिणी आहोत आणि कोणालाच जीएम व्हायचं नाही.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ९:००

नवखी, मोबाइल फ्रेम झीरो: फायरब्रँड्स बघ. जीएम नसतो. तुम्ही वेगवेगळ्या बाजूंचे पायलट, आणि छोटे छोटे खेळ: एकत्र नाचणं, तलवारीला तलवार भिडवणं, असे प्रसंग. लढाईपेक्षा एकमेकींत गुंतणं जास्त. तिघींना छान जमेल.

वाळूजचा_टर्नर | बुधवार, रात्री ११:५०

सेकंड शिफ्टवरून आत्ता आलो, सगळं वाचलं. सगळ्यांचे मनापासून आभार. बालाघाटींचा 'आवाज बदलला' वाचून अंगावर काटा आला. स्पिंडलचं बेअरिंग जायच्या आधी मलाही असंच कळतं, कसं ते सांगता येत नाही.

सॅल्व्हेज युनियनकडे मन झुकतंय. फाशाचं गणित कोणी थोडक्यात सांगेल का? आणि मराठीत कसं बोलता?

भट्टीवाला_जालना | गुरुवार, सकाळी ६:४०

वीसचा एकच फासा, अधिक-उणे काही नाही. आमच्या टेबलावरची नावं अशी पडली आहेत:

२० पडले: 'कडक'. ११ ते १९: 'जमलं'. ६ ते १०: 'पेच', म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. जीएम दोन वाईट गोष्टी समोर ठेवतो, तुम्ही एक निवडायची. २ ते ५: 'हुकलं'. १: 'पार बसलं'.

फासा मनासारखा पडला नाही तर मेकला ताणून पुन्हा टाकता येतो, त्याला आम्ही 'रेटा' म्हणतो. त्याची किंमत म्हणजे हीट दोनने वाढते. मग लगेच वीसचा फासा टाकायचा, आणि आकडा साचलेल्या हीटएवढा किंवा कमी आला की रिअॅक्टर हातचा गेला. हीटला आमच्याकडे 'ताव' म्हणतात, भट्टीतला शब्द आहे. 'ताव किती?' 'सहा.' 'रेटा नको देऊ, लेका!' असा आरडाओरडा असतो.

खरं डोकं लागतं ते पेचाला. दोन्ही पर्याय खरंच दुखले पाहिजेत. तेवढी तयारी करून बसा, बाकी नियम अर्ध्या तासात समजतात. प्रकाशक लेलाइन प्रेसचं मोफत क्विकस्टार्ट, म्हणजे सुरुवातीपुरती नियमांची पुस्तिका, आहे, आधी तेच खेळा. पैसे नंतर घाला.

षटकोनी_नांदेड | गुरुवार, सकाळी १०:१५

ताव! हा शब्द बॅटलटेकला उचलतोय आजपासून.

वाळूजचा_टर्नर | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:२०

मंडळी, दोन सेशन झाले. सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

क्विकस्टार्टचेच नियम घेतले. आधी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. एकीवर आलं, 'लहान मुलं मरताना नकोत', ते काढून टाकलं. क्रॉलरचं नाव ठेवलं 'तांडा'. नकाशा नाहीच, टेबलावर काड्यापेट्या आणि नटबोल्ट. गेवराईच्या मित्राचं नेट दोनदा गेलं. परत आला की विचारायचा, 'ताव किती?' आणि दोन वाक्यांत डावात यायचा. यावर खेळ ठरला असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्या सेशनला माझेच पेच फुसके होते. 'थोडं भंगार सांडेल किंवा थोडा उशीर होईल', कोणाला काही फरक पडेना. दुसऱ्या वेळी शिफ्टमध्ये जेवणाच्या सुट्टीत बारा पेच वहीत लिहून ठेवले, तेव्हा कुठे जमलं.

भाचीच्या मेकचं नाव सर्जा. काल... म्हणजे आजच, तांड्याकडे पाण्याची टाकी ओढून आणताना ओढ्यात तिला ८ पडले. पेच: टाकी सोड नाहीतर सर्जाचा पाय जाईल. टाकीत तांड्याचं चार दिवसांचं पाणी. ती एक शब्द बोलेना. मग म्हणाली, 'मामा, रेटा.' ताव सहावर होता, आठ झाला. पुन्हा टाकला, १३, टाकी निघाली! लगेच तावाचा फासा: ७. आठच्या आत. टाकी काठावर आणि सर्जा ओढ्यातच बंद पडला. बाकी तिघांनी दोर लावून त्याला ओढून आणला. तेवढ्यात सहा वाजून गेले होते, कोणी उठलं नाही.

रात्रीचा मुक्काम खेळलो. मी विचारलं, दुरुस्ती कोण करतंय? भाची म्हणाली, ती सर्जाच्या खांद्यावर चढून ग्रीस लावतेय. आमच्या गावी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते, बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतात. ती आजोबांबरोबर दरवर्षी करते. टेबलावरच्या त्या नटबोल्टच्या ढिगाला हात लावून ती हळूच म्हणाली, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.'

बँकेतला आमचा मित्र उठून गच्चीत गेला. त्यांची जोडी गेल्या वर्षी विकली.

पूर्ण पुस्तकाची पीडीएफ आज सगळ्यांनी मिळून घेतली. भट्टीवाले, तुमच्याकडे भंगाराच्या प्रकारांची यादी असेल तर टाका ना. पुढच्या रविवारी तांडा एका जुन्या कारखान्याच्या दारात उभा आहे.

तूर_परभणी | रविवार, रात्री ९:५५

उरलेला आक्षेपही मागे. भाचीला माझ्याकडून शाबासकी द्या. परभणीत कोणी टेबल लावत असेल तर मला कळवा.

बालाघाटी | रविवार, रात्री १०:०५

चुलतभावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, सहावर ताव असताना रेटा त्यानंबी दिला असता.

भट्टीवाला_जालना | रविवार, रात्री १०:३०

यादी उद्या सकाळी टाकतो, अठरा प्रकार आहेत. तोपर्यंत एक घ्या: कारखान्याच्या दारात जो सगळ्यात चकचकीत ढीग दिसेल, त्याच्या तळाला बंद तोंडाचा सिलिंडर ठेवा. भाचीला आधी काही सांगू नका.